उसनी रोपं

ज्या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला आणि तिला पुन्हा लख्ख दिसायला लागलं, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट आहे. पट्टी सुटल्यावर पहिले काही दिवस आई घरभर फिरून आम्हाला नावं ठेवत होती. भिंतीला पोपडे आलेत, थोरल्याचे केस पिकलेत, पातेली कोण घासतं, असं चाललं होतं. मग एका सकाळी ती काठी टेकत शेतावर आली, धाकट्याच्या वाफ्यात वाकली आणि मला हाक मारून म्हणाली, "अगं, ही फुलकोबी हिरवी कशी पडली? रोग आला काय?"

"आई, ती ब्रोकोली आहे."

"काय लोळी?"

धाकटा खो खो हसला. बांधाच्या पलीकडे थोरला पाठीवर पंप घेऊन उभा होता, तोही हसला. पण धाकट्यानं मान वर केली तसं त्यानं तोंड फिरवलं.

हे माझे दोन भाऊ. मी दोघांहून मोठी, नवरा गेल्यावर आईकडे राहायला आलेली. शेत आईच्या नावावर. मधे एक बांध, अलीकडे धाकटा, पलीकडे थोरला. घर एकच, चूलही एकच. थोरला पोत्यातलं रासायनिक खत घालायचा, औषध फवारायचा. धाकट्यानं ते केव्हाच सोडलं होतं. शेण, पाला, राख, कुजलेला भुसा असलं काय काय तो जमिनीत कालवायचा. कालवून कालवून त्याची माती अशी झाली होती की मुठीत दाबली तर तिचा लाडू वळायचा आणि बोट लावलं की मोकळी व्हायची. थोरला त्याला उकिरडेबुवा म्हणायचा. धाकटा थोरल्याला डॉक्टर म्हणायचा, कारण त्याच्याकडे कशावरही औषध. हे सगळं हसण्यावारी चालायचं.

त्या हिवाळ्यात ते तसं राहिलं नाही. शहरातल्या कोल्ड स्टोरेजचा माणूस शेत बघून गेला. त्याला ब्रोकोली हवी होती, पण सबंध शेताची. गड्डे एका मापाचे हवेत, एकातही अळी नको. अर्ध्या शेतासाठी तो गाडी पाठवणार नव्हता. त्या दिवशी जेवताना थोरल्यानं विषय काढला.

"पुढच्या हंगामाला बांध मोडू. शेत एक करू. सगळ्याला खत एक, औषध एक."

"आणि माझी माती?" धाकटा म्हणाला.

"माती कुठे पळून जाते?"

"तुझा एक हंगाम झाला की जाते. तुला काय, पोतं फोडायचं नि फेकायचं. मी तिला हातानं वाढवलीय."

"वाढवलीस ती अळी. परवा आईच्या ताटात निघाली."

"अळी येते म्हणजे खाण्याजोगं काहीतरी आहे. तुझ्याकडे तर अळीसुद्धा पानावर बसत नाही."

थोरल्या वहिनीनं पोळ्यांचं ताट मधे सरकवलं. "आधी जेवा. मग हवं तर एकमेकांच्या डोक्यात पातेली घाला, मी देते."

आई घास चावत दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. नवे डोळे आल्यापासून ती माणसांकडे फार बघायची. ती म्हणाली, "दिसायला थोरल्याची बरी, चवीला धाकट्याची. मला यात निवडता येत नाही. सत्त्व कुणाच्या भाजीत जास्त, ते कळायला हवं."

तेव्हा धाकटी वहिनी म्हणाली, की शहरातल्या प्रयोगशाळेतल्या एक बाई गावोगाव हिंडून हेच तपासतायत. शेणखतावरची ब्रोकोली आणि खतावरची ब्रोकोली. खालच्या वस्तीवर येऊन गेल्या.

"बोलवा तिला," आई म्हणाली. "ज्याच्या भाजीत सत्त्व जास्त निघेल त्याच्या पद्धतीनं सगळं शेत. मग दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. कबूल?"

दोघांनी मान डोलावली. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. एका ताटलीतलं मीठ घ्यायचे, पण मधे मी लागायचे. "आक्का, त्याला सांग मोटर बंद कर." "आक्का, त्याला म्हणावं, केली."

थंडी कडक पडली होती. सकाळी पानापानावर दव असायचं. त्या भाजीच्या पानावर मेणासारखा थर असतो, पाणी मुरत नाही, थेंब गोल होऊन देठाकडे घरंगळतात. वाफ्यात शिरलं की गुडघ्यापासून खाली भिजायचं. बोटांना भेगा पडलेल्या, त्यात ते गार पाणी गेलं की जीव कळवळायचा. धाकटा पहाटेपासून पानं उलटी करून अळ्या वेचायचा आणि डब्यात टाकायचा. हिरवी अळी, हिरव्या पानावर. आई बांधावर बसून त्याला सांगायची, "ती बघ, शिरेजवळ. अरे, ती नाही, खालची." आधी आंधळी होती ती आता त्याचे डोळे झाली होती.

पलीकडे थोरला पंप मारायचा. पट्टे खांद्यात रुतून त्याच्या खांद्यांवर दोन वळ कायमचे पडले होते. तोंडाला फडकं, डोळे लाल. धाकट्याची मेहनत लोकांना दिसत होती, म्हणून थोरल्याची कमी नव्हती.

त्याच आठवड्यात बाजारात एक प्रकार झाला. तोलाईवाल्यानं धाकट्याचा क्रेट सगळ्यांसमोर उपडा केला. दोन गड्ड्यांना भोकं होती. तोलाईवाला म्हणाला, "ही भाजी आहे की अळ्यांची बालवाडी?" लोक हसले. धाकटा खाली बसून एकेक गड्डा गोळा करायला लागला. थोरला रांगेत मागेच उभा होता. मी त्याच्या शेजारीच होते, त्याचा जबडा हलताना पाहिला. 

मग बाई आल्या. वयानं लहान, पायात गमबूट, केस फडक्यात बांधलेले. मागे एक मदतनीस, त्याच्या हातात पत्र्याचं जाड पिंप. बाई आधी दोन्ही शेतांतून नुसत्या चालल्या. मग बांधावर येऊन म्हणाल्या, "जात एकच आहे ना दोघांची?"

"नाही," धाकटा म्हणाला. "माझी बारीक गड्ड्याची, उशिरा येणारी. त्याची मोठ्या गड्ड्याची."

बाईंचा चेहरा उतरला. "मग मला याचा उपयोग नाही हो. फरक निघाला तर तो बियाणाचा की शेणखताचा, हे मी कशी सांगणार? दोन्ही जाती दोन्ही शेतांत असत्या तर गोष्ट वेगळी."

 एवढी वाट बघितली आणि बाई पिंप उचलायला निघाल्या. तेव्हा धाकटी वहिनी पदराशी चाळा करत पुटपुटली, "तशा आहेत की."

"काय आहेत?" धाकटा म्हणाला.

तिनं जावेकडे बघितलं. थोरली वहिनी म्हणाली, "सांगून टाक. आता काय मारतायत थोडेच."

झालं होतं असं. लावणीच्या दिवशी दोघी जावा नेहमीसारख्या एका वेळी, बांधाच्या दोन्ही अंगांना लावत होत्या. धाकटीचे काही ट्रे गोगलगायींनी साफ केले होते. बांधालगतच्या ओळींना रोपं पुरेनात. तिनं थोरलीकडून उसनी घेतली. आता आमच्या घरात उसनं म्हणजे परत करायचंच. वाटीभर साखर नेली तर शीग लावून परत येते. धाकटीनं मागाहून पेरलेली रोपं वर आल्यावर ट्रे भरभरून जावेला परत केली, घेतली होती त्याहून जास्तच. थोरलीनं ती आपल्या बाजूला, बांधालगत लावून टाकली. मोठी जात धाकट्याच्या शेतात गेली आणि बारीक जात थोरल्याच्या. दोघींना यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"माझ्या शेतात ह्याचं रोप?" थोरला ओरडला.

"आणि माझ्यात याचं? मी त्याला शेणखत घालतोय?" धाकटा ओरडला.

"अहो, रोप होतं ते, सवत नव्हे," थोरली वहिनी म्हणाली. "देठ जांभळट दिसतो त्या ओळींचा. एवढे दिवस त्यातून चालताय, बघितलं नाहीत?"

दोघांनीही बघितलं नव्हतं. बाई मात्र गमबूट आपटत त्या ओळींकडे पळत सुटल्या. वाकून देठ बघितले आणि वळून म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही दोघींनी माझं काम करून ठेवलंय!" थोरली वहिनी धाकटीच्या कानात म्हणाली, "बघ, साखर परत केली तर कुणी एवढं नाचत नाही."

मग जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. मदतनीसानं पिंपाचं झाकण काढलं. आतून पांढरा धूर उसळला आणि वर न जाता खाली जमिनीवर पसरला, आमच्या पायांभोवती. थंडीचा धूर.

"आजी, लांबून बघा. बोट घालायचं नाही," बाई म्हणाल्या. "ही हवा आहे. आपण श्वासात घेतो त्यातलीच. इतकी गार केली की तिचं पाणी झालं."

"हवेचं पाणी?" आई म्हणाली.

बाईंनी गड्ड्याचा एक तुरा कापला आणि चिमट्यानं त्यात बुडवला. चरचर आवाज झाला. बाहेर काढला तर तसाच हिरवा, कळी न् कळी वेगळी, पण त्यांनी चिमटा पिंपाच्या काठावर टेकवला मात्र, तुरा काचेसारखा फुटला. खलात दोनदा दस्ता फिरवला आणि भाजीचं पीठ झालं. हिरवं, कोरडं, बारीक पीठ. भाऊ दोन बाजूंनी वाकून बघत होते, त्यांची डोकी जवळजवळ लागली होती.

"गोठवायचं कशाला?" थोरल्यानं विचारलं. बाईंशी बोलताना त्याला आक्का लागत नव्हती.

बाईंनी एक ताजं पान तोडलं आणि आईच्या नाकाशी धरलं. "वास येतो?"

"पानाचा येतो. म्हणजे काही नाही."

मग त्यांनी तेच पान तळहातावर चोळलं. आईनं डोकं झटकन मागे घेतलं. "अगं बाई, मोहरी!"

मीही हुंगलं. तिखट, नाकात चढणारा वास. क्षणापूर्वी तो कुठेच नव्हता.

"ते पानात नसतंच, आजी," बाई म्हणाल्या. "पानात बारीक बारीक घरं असतात, डोळ्यांना न दिसणारी. एका घरात एक पदार्थ, दुसऱ्यात दुसरा. वेगवेगळे असतात तोवर दोघंही मुके. अळीनं दात लावला, सुरी चालली, आपण चावलं, की मधली भिंत फुटते. दोघं भेटतात आणि मग हे तयार होतं. मी नुसतं कुटलं असतं तर इथेच सगळं होऊन उडून गेलं असतं. म्हणून आधी गोठवते."

"पण झाड हे करतं कशासाठी?"

"अळीसाठी. तिनं खाऊ नये म्हणून. झाडाचं स्वतःचं औषध आहे ते."

थोरला ताठ उभा राहिला. "म्हणजे झाड स्वतःच फवारतं?"

"तसंच म्हणा."

"आणि अळी मरते?"

"काही पळतात. काही सवयीच्या असतात, त्या खात राहतात. पण माणसाच्या अंगी हेच लागतं. याच्यासाठीच तर आम्ही ही भाजी तपासतो."

बाटलीवर बाईंनी त्या तिखट वासाच्या पदार्थाचं नाव लिहिलं होतं. मी तेव्हा रात्रीच्या साक्षरता वर्गात जाऊन नुकती जोडाक्षरं वाचायला लागले होते. बोट ठेवून वाचलं, "स-ल्फो-रा-फे-न."

"कुठल्या देवाचं नाव ते?" आई म्हणाली.

"अळी पळवणाऱ्या देवाचं," धाकटा म्हणाला. थोरल्याला हसू आलं ते त्यानं फडक्यात दाबलं.

बाईंनी दोन्ही शेतांतून, दोन्ही जातींचे तुरे घेतले, प्रत्येकाची वेगळी बाटली. थोरल्याच्या बाजूच्या बांधालगतच्या ओळीत त्या थबकल्या. "इथे अळीनं बरंच खाल्लंय. फवारलं नाही का?"

"राहून गेलं असेल," थोरला म्हणाला आणि मोटर बघायला गेला.

बाई गेल्यावर मी कितीतरी वेळ बांधाने चालत होते. कोबीचं पान चोळलं, मुळ्याचं चोळलं, मोहरीचं चोळलं. थोडाथोडा वेगळा, पण सगळ्यांत तो वास. एवढं आयुष्य या पानांत वाकून काढलं, अन् एकही पान जखम झाल्याशिवाय बोलत नाही हे मला ठाऊक नव्हतं. बोटं नाकाशी धरून मी घरी आले. रात्रीच्या भाकरीलाही तोच वास लागला, पण मला हात धुववले नाहीत.

निकाल यायला हंगाम जवळजवळ सरला. तोवर धाकटा झुरत होता. संध्याकाळी काम संपलं तरी वाफ्यात बसून राहायचा. एकदा मी बोलवायला गेले तर त्याच्या दोन्ही मुठी मातीत होत्या. म्हणाला, "आक्का, हिच्यात गांडूळ आलं ते पहिल्यांदा मी बघितलं होतं. थोरल्याचं निघालं, तर मी यात काम करीन, शब्द दिलाय. पण मला बघवणार नाही." मी त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि त्याला उठवलं.

बाई स्वतः सांगायला आल्या. भाजी भरायच्या शेडमध्ये क्रेट उपडे घालून सगळे बसलो. आई मधे. भाऊ दोन टोकांना.

"आधी साधं सांगते," बाई म्हणाल्या. "लोह, चुना असलं जे असतं, ते दोन्हीकडे सारखंच. शेणखतावरच्यात काही गोष्टी किंचित जास्त आहेत. पण इतक्या किंचित, की पुढच्या वर्षी उलटही निघेल. थोरल्यांच्या भाजीत औषधाचा अंश आहे, पण मर्यादेच्या खूप आत. फवारून लगेच तोडत नाहीत ते."

"मग जिंकलं कोण?" आई म्हणाली.

"बियाणं. ती बारीक जात. तिच्यात ते कडवट सत्त्व मोठ्या गड्ड्याच्या जवळपास दुप्पट आहे. शेणखत घाला नाहीतर खत घाला, दोन्हीकडे दुप्पटच."

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. थोरला म्हणाला, "म्हणजे मी वर्षानुवर्षं पोती वाहिली, यानं पाट्या वाहिल्या, आणि फरक बियातच होता?"

"बराचसा. जमिनीला काय होतं ते वेगळं, ते मी तपासलं नाही. ते यांची माती हातात घेतली की कळतंच." बाई जरा थांबल्या. "अजून एक आहे. सगळ्यांत जास्त सत्त्व निघालं ते तुमच्या बाजूच्या बांधालगतच्या ओळीत. उसनं फेडलेल्या रोपांच्या. तिथे अळीनं खाल्लं होतं ना? चावा बसला की झाड आपलं औषध वाढवतं. एका ओळीवरून मी शपथ घेणार नाही, पण मला ती ओळ पुढच्या वर्षी पुन्हा बघायचीय. तिथं फवारणी कशी राहिली, हे तेवढं नीट सांगा."

थोरला बुटाची लेस बांधायला वाकला. बूट आधीच बांधलेला होता.

"राहिली कशानं?" थोरली वहिनी म्हणाली. "बांधाजवळ आलं की हे पंप बंद करतात. दर वेळी. वारा तिकडचा असतो ना, औषध उडून भाऊजींच्या भाजीवर जाईल म्हणून. स्वतःच्या ओळी अळीला घालतात, नि मी बोलले तर मलाच दटावतात, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

 आई थोरल्याकडे बघत होती, त्या नव्या डोळ्यांनी, पापणी न मिटता. धाकटा जागचा उठला, शेडच्या दाराशी गेला, परत आला. मग माझ्याकडे न बघता, सरळ थोरल्याला म्हणाला, "दादा, वारा पडलेला असला की त्या ओळींना मारत जा. अळी फार झालीय."

"नको," थोरला बुटाकडे बघत म्हणाला. "बाईंना लागतील त्या."

आईनं काठी उचलली. "बांध आहे तिथं राहू दे. आणि त्या कोल्ड स्टोरेजवाल्याला थोरल्यानंच सांगावं. त्याला नाही म्हणता येतं की नाही, बघू दे मला."

थोरल्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या माणसानं थोरल्याला अडाणी म्हटलं. थोरला म्हणाला, "असू दे. बी चांगलं आहे आमच्याकडे."

पुढच्या हंगामाला दोन्ही शेतांत बारीक जात लागली. थोरल्यानं खत सोडलं नाही, धाकट्यानं शेण सोडलं नाही. दोघं बांधावरून भांडायचे, पण एकमेकांशी भांडायचे, मधे मी नसायची. बांधालगतच्या ओळींत बाई दर वर्षी येऊन बाटल्या भरून न्यायच्या आणि आई त्या हवेच्या पाण्याच्या धुरात पाय ठेवून उभी राहायची.

आमचा थोरला भाऊ त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात गेला. पहिली तोडणी चालू होती, सकाळची वेळ, छातीत कळ आली म्हणून बांधावर बसला आणि धाकट्यानं पाणी आणेपर्यंत संपला. आई त्याच वर्षी, उन्हाळा लागता लागता गेली.